गाडीतल्या कुत्र्याचं वजन

रात्रीचे दोन वाजलेत. कपाळावरच्या दिव्याच्या झोतात चौदा पाठी, चौदा शेपट्या आणि तोंडातून निघणारी वाफ. बर्फावरची स्लेज हाकणाऱ्याला, म्हणजे मशरला, धावत्या कुत्र्यांचे चेहरे कधी दिसतच नाहीत, कारण तो सगळ्यांच्या मागे उभा असतो. कुणाला काय दुखतंय ते चालीवरूनच ओळखायचं. डावीकडच्या तिसऱ्या कुत्र्याकडे बघा. बाकीची डोकी एका पातळीत चालली आहेत, याचं मात्र दर पावलाला किंचित वर उचकतंय. दुखरा पुढचा पाय टेकला की त्यावर भार कमी पडावा म्हणून कुत्रा डोकं वर घेतो आणि धडधाकट पाय टेकला की खाली सोडतो. घोडा असो, बैल असो, पुढच्या पायाने लंगडणारं जनावर हेच करतं. खांदा भरलाय किंवा मनगट सुजलंय.

मशर गाडी थांबवतो, कुत्र्याला दोरातून सोडवतो, उचलतो आणि गाडीच्या टोपलीत ठेवतो. एका मिनिटापूर्वी तेवीस किलोचा कुत्रा गाडी ओढत होता. आता तो तेवीस किलोचं ओझं आहे, आणि ते ओढायला एक कुत्रा कमी आहे. जखमी जनावराची किंमत काय, हा प्रश्न एरवी नीतिशास्त्राच्या तासाला निघतो. इथे त्याचं उत्तर मिनिटांत आणि किलोंत मोजता येतं.

ही शर्यत म्हणजे अलास्कातली इडिटारॉड. दर मार्चमध्ये अँकरेजहून निघायचं आणि बेरिंग समुद्राच्या काठावरच्या नोम गावाला पोचायचं, साधारण 1600 किलोमीटर. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बारी काही सेकंदांत संपते, ही मात्र आठ-दहा दिवस चालते. 1973 मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा विजेत्याला वीस दिवस लागले होते. पूर्वी गाडीला सोळापर्यंत कुत्रे जुंपता यायचे, 2019 मध्ये ही मर्यादा चौदावर आणली गेली होती. आणि शेवटच्या रेषेवर किमान पाच कुत्रे दोरात असले पाहिजेत. या पाचाच्या आकड्यावर जरा थांबायला हवं. चौदांनी निघालेल्या गाडीतले नऊ वाटेत गळाले तरी चालेल, हे शर्यतीने आधीच मान्य करून टाकलं आहे. मुद्दाम कुणी क्रूरपणाने हे ठरवलं असं मी म्हणत नाही. उलट पाचाहून कमी कुत्र्यांनी गाडी ओढू नये म्हणूनच तो नियम आहे. पण गळती हा या खेळातला अपघात नाही, हिशोबातली रक्कम आहे.

आता हे कुत्रे कसे असतात ते बघू, कारण त्याशिवाय त्यांच्या दुखण्याचं शास्त्र कळत नाही. अलास्कन हस्की ही प्रदर्शनात मिरवायची नोंदणीकृत जात नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जो चांगला धावला त्याचीच पिल्लं घेत तयार झालेला हा संकर आहे. वजन वीस ते पंचवीस किलो, म्हणजे चित्रातल्या झुबकेदार सायबेरियन कुत्र्यापेक्षा अंगाने सडपातळच. शर्यतीच्या दिवसांत हा प्राणी रोज दहा हजारांच्या आसपास कॅलरी खातो. खुर्चीत बसून हे वाचणाऱ्या माणसाला दोन-अडीच हजार पुरतात. जागतिक दर्जाचा धावपटू दर किलो वजनामागे मिनिटाला ऐंशी-नव्वद मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतो. या कुत्र्यांचा आकडा दोनशेच्या घरात जातो.

सगळ्यांत नवलाचं आहे ते स्नायूंचं. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य मायकेल डेव्हिस आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं या कुत्र्यांचा अभ्यास करत आले आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घसरतो आणि स्नायूंना इजा झाल्याची खूण असलेली विकरं रक्तात वाढतात. माणसाचंही असंच होतं, आणि माणूस तिथेच थकून बसतो. कुत्रा मात्र तेवढंच अंतर रोज धावत राहिला तर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत साठा पुन्हा सावरू लागतो आणि रक्तातल्या खुणाही ओसरतात. चरबी जाळत धावता धावताच शरीर पूर्वपदावर येतं. अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेने या कामाला पैसा पुरवला तो कुत्र्यांवरच्या मायेपोटी नव्हे. न थकणारा सैनिक कुणाला नको असतो?

म्हणून ‘हे कुत्रे धावण्यासाठीच जन्मलेत’ हे मशर मंडळींचं वाक्य अगदीच खोटं नाही. गाडीला जुंपायची वेळ आली की ते उड्या मारतात, ओरडतात, दोर चावतात. अडचण अशी की धावण्याची ही ओढच दुखणं झाकते.

डेव्हिस यांच्या गटाने शर्यत संपवून आलेल्या कुत्र्यांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं. जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठराच्या अस्तरावर जखमा, ओरखडे किंवा रक्तस्राव होता. त्याआधी श्वासनलिका तपासल्या होत्या, तेव्हा दहातल्या आठ कुत्र्यांत दाह आणि साठलेला कफ सापडला. गोठलेली कोरडी हवा दिवसभर धापा टाकत ओढल्याचा तो परिणाम. बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंना होणाऱ्या दम्याशी त्याचं नातं आहे. लक्षात घ्या, यातले बरेचसे कुत्रे बाहेरून ठीक दिसत होते. कुणाचं डोकं उचकत नव्हतं. जठरातली जखम लंगडत नाही. ती एकदम कळते तेव्हा कुत्र्याला रक्ताची उलटी झालेली असते. 1994 ते 2006 या काळात शर्यतीत मेलेल्या 23 कुत्र्यांच्या शवविच्छेदनांचा एक आढावा पुढे प्रसिद्ध झाला. त्यात उलटी श्वासनलिकेत जाऊन झालेले मृत्यू ठळकपणे दिसतात.

उपाय निघाला तो आपल्या ओळखीचा. घरोघरी सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ओमेप्राझोल कुत्र्यांना दिली, आणि जठरातल्या जखमा कमी झाल्या. अशी आम्ल कमी करणारी औषधं शर्यतीत द्यायला परवानगी आहे. वेदनाशामकं मात्र पूर्ण बंद. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. दुखणाऱ्याला गोळी नाही आणि न दुखणाऱ्याला आहे! पण नियम शहाणपणाचा आहे. दुखणं हीच कुत्र्याची मागच्या माणसाला दिलेली एकमेव खबर असते. गोळीने ती बंद केली की डोकं सरळ चालतं आणि मनगट तुटेपर्यंत धावतं. 2017 मध्ये एका अव्वल गाडीतल्या चार कुत्र्यांच्या तपासणीत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक सापडलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या मशरचा दोष नसल्याचं आयोजकांनी पुढच्या वर्षी जाहीर केलं. ओमेप्राझोलबद्दल मात्र माझ्या मनात एक कुसळ राहतं. त्या गोळीने जखम टळते हे खरं, पण जखम करणारी शर्यत तशीच सुरू राहते. नक्की कोणावर उपचार झाले?

दुखावलेला कुत्रा गाडीतून पुढच्या चौकीवर पोचतो. चौकीवर पशुवैद्य असतात, बरेचसे स्वयंसेवक. ते हृदय आणि फुप्फुसं ऐकतात, कातडी चिमटीत धरून अंगात पाणी किती आहे ते बघतात, सांधे दाबून पाहतात, खाणं आणि नूर विचारतात. एकदा कुत्रा त्यांच्या हवाली केला की त्याची शर्यत संपली, तो पुन्हा जुंपता येत नाही. पूर्वी अशांना ‘ड्रॉप्ड डॉग’ म्हणत, म्हणजे टाकलेला कुत्रा. अलीकडे आयोजक ‘रिटर्न्ड डॉग’ म्हणतात, परत पाठवलेला. नाव बदललं हे बरंच झालं, पण या कुत्र्यांचं पुढे काय होतं ते बघितलं की जुनं नाव जास्त प्रामाणिक होतं असं वाटतं.

2013 मध्ये डोराडो नावाचा पाच वर्षांचा कुत्रा उनालक्लीटच्या चौकीवर विमानाची वाट पाहत इतरांबरोबर बाहेर बांधलेला होता. रात्री वादळ आलं, बर्फ साचत गेलं आणि तो त्याखाली गुदमरून मेला. 2017 मध्ये पाच कुत्रे दगावले. त्यातल्या दोघांची शर्यत आधीच संपली होती. एक अँकरेजला नेणाऱ्या विमानात अंग तापून मेला, दुसरा सांभाळणाऱ्याच्या हातून सुटला आणि मोटारीखाली आला. धावत असताना या कुत्र्यांवर मशरचे डोळे असतात, कारण तो त्यांच्याच जिवावर जिंकणार असतो. दोरातून सुटल्यावर त्या कुत्र्यावर कुणाचंच काही अवलंबून नसतं. डोराडोनंतर चौकीवर कुत्र्यांसाठी आडोसे बांधले गेले, म्हणजे अशक्य काहीच नव्हतं, फक्त तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हा हिशोब जुनाच आहे. जानेवारी 1925 मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. वीस माणसं आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत 1085 किलोमीटरवरून औषध पोचवलं. त्यातल्या एका टप्प्यावर चार्ली इव्हान्स या तरुणाचे दोन्ही म्होरके हिमदंशाने कोसळले. त्याने त्यांना गाडीत घातलं आणि स्वतः पुढे होऊन गाडी ओढली. मुक्कामावर पोचेपर्यंत दोघेही मेले होते. शेवटच्या टप्प्याचा म्होरक्या बाल्टो मात्र जगप्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, अनावरणाला तो स्वतः हजर होता. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत हाच कुत्रा लॉस एंजेलिसच्या एका तमाशावजा प्रदर्शनात, हालअपेष्टेत, साखळीला बांधलेला सापडला. क्लीव्हलँड शहरातल्या शाळकरी मुलांनी आणि इतरांनी वर्गणी काढून त्याला आणि त्याच्या सहा साथीदारांना सोडवलं. किंमत ठरली होती सातांची मिळून दोन हजार डॉलर. पुतळ्याला कुणी किंमत विचारली नव्हती.

आजच्या शर्यतीत माया नाही असं नाही. बहुतेक मशर आपल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने, स्वभावाने, खाण्याच्या खोडीने ओळखतात. पंजांना घालायचे मोजे दिवसातून कितीदा बदलतात त्याला गणती नाही. पण माया आणि शर्यत यांची गाठ पडली की काय होतं ते 2022 मध्ये दिसलं. नोमच्या जवळ भयंकर वादळ सुटलं. तिघा मशरनी आपले कुत्रे निवाऱ्याच्या खोपटात आत घेतले. नियमाप्रमाणे कुत्रे बाहेरच झोपायला हवेत. घरात शेकून मिळालेली विश्रांती इतरांच्या कुत्र्यांना मिळालेली नसते, म्हणून तो अन्याय्य फायदा ठरतो. दोघांचा क्रमांक खाली ढकलला गेला, तिसऱ्याला दंड झाला. पंचांनी पुस्तकात होतं तेच केलं. आपली गंमत अशी की डोराडोच्या मृत्यूवर आणि या शिक्षेवर चिडणारे लोक एकच होते, आणि दोन्ही वेळी ते बरोबर होते.

माझ्यापुरती या सगळ्यातली सगळ्यांत बोलकी घटना 2019 ची. निकोलस पेटिट हा मशर सगळ्यांच्या पुढे होता, सुमारे पाच तासांनी. शाकतूलिक गाव सोडून किनाऱ्याच्या बर्फावरून गाडी चालली होती. आदल्या वर्षी याच टापूत वादळात वाट चुकून त्याची आघाडी गेली होती. एक कुत्रा लहान कुत्र्याच्या अंगावर जात होता म्हणून पेटिट त्याच्यावर ओरडला. आणि सगळी गाडी थांबली. कुत्रे उठेनात. खायला घातलं, चुचकारलं, थांबून पाहिलं. मागून एकेक गाडी आली आणि पुढे निघून गेली. त्या वर्षी पीटर कायझर जिंकला. कुत्रे शरीराने ठणठणीत आहेत, असं पेटिटने सांगितलं. पाय सुजलेला नव्हता, कुणी लंगडत नव्हतं, पशुवैद्याच्या वहीत लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी त्याने माघार घेतली. स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरच्या मोटारगाड्या, बोलावल्या, आणि एकही जखम नसलेले ते कुत्रे ओझं होऊन शाकतूलिकला परत आले.