विमान वरच्या अंगानं का गेलं?

परवा रात्री नऊला ताईचा फोन, आवाज घाबरलेला, "अरे, हे विमान वर वर कुठं चाललंय, रशियात?" भाचा बेंगळुरूहून डायरेक्ट सॅन फ्रान्सिस्कोला निघालेला आणि ताई मोबाईलवर त्याचं विमान बघत बसलेली. नकाशात सरळ समुद्र ओलांडून जायचं सोडून विमान सायबेरियाकडं चढलेलं, आईचा जीव, घाबरणारच.

सकाळी तिच्याकडं गेलो. पोरांचा जुना पृथ्वीगोल काढला, चादरीच्या दशीतला एक लांब दोरा ओढला, एक टोक बेंगळुरूवर दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि म्हटलं आता ताण. ढिला होता तोवर दोरा पॅसिफिकवर लोंबत होता, ताणला तसा आपसूक वर सरकला आणि चीन, सायबेरिया, अलास्काकडून खाली असा घट्ट बसला. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण सव्वाचारशे किलोमीटर, दोरा भरला ३३ सेंटीमीटर, झाले १४ हजार किलोमीटर! सपाट नकाशावर पट्टीनं मारलेली सरळ रेघ याच गोलावर उतरवली तर १६ हजारांच्या वर जाते, कारण सपाट करताना ध्रुवाकडचा भाग ताणला जातो आणि जवळचा रस्ता लांबचा दिसतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहवैमानिकांनी, सगळ्या महिलाच, सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं ते तर उत्तर ध्रुवावरून, न थांबता, १७ तासांच्या आसपास. मला त्याचं अजून अप्रूप वाटतं.

भाचीचा प्रश्न भारी होता, "मामा, पृथ्वी फिरतेच आहे, मग विमानानं नुसतं वर थांबायचं, अमेरिका खाली येईल की." तिला म्हटलं सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये शेंगदाणा वर उडवतेस तेव्हा तो मागच्या सीटवर जाऊन पडतो का? हातातच पडतो ना, कारण तो पण गाडीच्याच वेगानं चाललेला असतो. तसं हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

वेळ खरी ठरवतो तो वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. तो पाठीशी असला की विमानाचा जमिनीच्या हिशेबानं वेग तेवढा वाढतो, समोर असला की तेवढा खातो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, तेच अंतर उलटं जायला एरवी सात-आठ तास लागतात. आणि २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, रस्ता साधारण चौदाशे किलोमीटरनं लांबला तरी पाठीवरच्या वाऱ्यानं वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला, म्हणून नुसते किलोमीटर बघून तास काढायला जाऊ नका.

तेवढ्यात भाच्याचा मेसेज, उतरलो, इथं संध्याकाळचे साडेपाच. ताई बोटं मोजायला लागली, दुपारी दोनला निघाला, साडेपाचला पोचला, साडेतीन तासच? १६ तास लागले ताई, पण तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागं असतं, तारीखही कालचीच. येताना उलटं, शुक्रवारी रात्री नऊला निघाला तर इथं रविवारी पहाटे तीनला उतरणार.

"मग शनिवारचा उपास त्यानं कधी धरायचा?"