लॉन पिवळं पडलं की युरिया?

दर पावसाळ्यात फिरणारा सल्ला: ‘हिरवळ पिवळी पडली की मूठभर युरिया फेका, आठ दिवसांत गर्द.’

यात तथ्य आहे, म्हणूनच तो टिकलाय. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि नत्रानं गवत हिरवं होतं. पण पिवळेपणाचं कारण दरवेळी नत्रच नसतं. आधी पानं बघा. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी. तिथं युरिया उपयोगाचा नाही. बोटभर माती उकरून पाणी साचलंय का तेही पाहा. कोल्हापुरात जुलैत हे फार होतं, आणि त्या धारेत टाकलेला युरिया बराचसा वाहूनच जातो.

म्हणून खत जूनच्या सुरुवातीला, मग पावसाचा जोर ओसरल्यावर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा थांबा. शंभर चौरस फुटांना एका वेळी १०० ग्रॅमच्या वर नको. कोरड्या पानांवर टाकून लगेच पाणी द्या, नाहीतर गवत करपतं. (उसाला खत टाकायची सवय असलेल्या हातानं इथं जास्तच पडतं.)

खात्री हवी? आधी चटईएवढ्या तुकड्यावर टाकून दोन आठवडे बघा.