हेड पॅकिंग का जातं?

गोव्याहून चोर्ला घाट चढून वर आलं की कणकुंबी लागतं. मलप्रभेचा उगम तिथलाच. नेमकं तिथंच माझ्या गाडीतलं पाणी संपलं. नदीच्या उगमाशी उभं राहून मी रेडिएटरसाठी बाटलीभर पाणी मागत फिरत होतो आणि मागच्या सीटवरून आई विचारत होती, "अजून किती वेळ?"

बॉनेट उघडून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, इतक्यात मागच्या लॉरीवाल्यानं ओरडून थांबवलं. बरं झालं. कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचावर आहे. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी 100 नाही, साधारण 97 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण मात्र आत 0.9 बारच्या आसपास (1 बार म्हणजे जवळजवळ हवेचा दाब) जादा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 110 अंशांना पोचलं तरी पाणीच राहतं. झाकण फिरवलं की तो दाब एका क्षणात जातो, आणि दर लिटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम पाण्याची तिथल्या तिथं वाफ होते. ऐकायला थोडं वाटतं. पण तेवढ्या पाण्याची वाफ चाळीसेक लिटर जागा मागते, आणि जाताना उरलेलं कढत पाणी तोंडावर उडवून जाते.

तासभर थांबून, पाणी भरून, जांबोटीमार्गे रमतगमत बेळगावला आलो. त्यानंतर गाडीला पाणी प्यायचं व्यसनच लागलं. रोज सकाळी अर्धा लिटर. खाली एक थेंब नाही, पाइप कोरडे, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) कोरडी. मग पाणी जातं कुठं? शेजारचे मामा उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फिटर म्हणून निवृत्त झालेत. सायलेन्सरपाशी उकिडवे बसून त्यांनी पांढरा धूर हुंगला. "गोडूस वास हाय बघ. हेड पॅकिंग गेलंय."

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, ज्यात वॉल्व्ह असतात. या दोघांच्या मधे जो पातळ पत्रा बसतो ते हेड पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. त्याला एकाच वेळी तीन भांडणं सोडवायची असतात: जळता वायू सिलिंडरबाहेर जाऊ द्यायचा नाही, पाणी तेलात जाऊ द्यायचं नाही, आणि तेल-पाणी दोन्ही सिलिंडरमध्ये येऊ द्यायचं नाही. पत्र्याच्या एका भोकात ज्वलनाच्या क्षणी 2000 अंशांच्या वर तापमान, तर बोटभर अंतरावरच्या दुसऱ्या भोकात 90 अंशांचं पाणी.

आणि दाब? भरल्या गाडीनं घाट चढताना पेट्रोल इंजिनच्या सिलिंडरमध्ये ज्वलनाचा दाब 50 बारपर्यंत जातो. सात सेंटिमीटर व्यासाचं सिलिंडर धरलं, तर हेडला वर ढकलणारा जोर जवळजवळ दोन टन भरतो. 3000 आरपीएमला असा दणका प्रत्येक सिलिंडरमधून सेकंदाला 25 वेळा बसतो.

मामांच्या नाकावर माझा विश्वास आहे, पण हेड उतरवणं म्हणजे दोन-तीन रविवार जाणार. आधी खात्री हवी. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट साय दिसली की पॅकिंग गेलं असं सगळेच सांगतात. आमच्याकडे ही खूण फसवी आहे. बेळगावच्या पावसाळ्यात कॉलेज रोड ते शहापूर एवढीच गाडी फिरवली, तर इंजिन पुरतं तापतच नाही, आतल्या दमट हवेचं पाणी झाकणाखाली धरतं आणि तेलात मिसळून तशीच साय होते. चांगल्या इंजिनातही.

त्यापेक्षा भरवशाची तपासणी रसायनशास्त्राची. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून निळ्या द्रावाची नळी आणली. आत ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढायची. पॅकिंग फुटलं असेल तर ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरलेला असतो. तो द्रावात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं आणि निळा रंग पिवळा पडतो. माझा द्राव आधी हिरवट झाला, मग मिनिटभरात लिंबासारखा पिवळा. आता वाद नव्हता.

उतरवण्याचं फार सांगत नाही, ते प्रत्येक गाडीचं वेगळं. बॅटरीची वायर काढली, पाणी सोडलं, टायमिंगच्या (वॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवणाऱ्या) खुणा रंगानं पक्क्या केल्या. टायमिंग बेल्टचा दाता चुकला तर काही इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून त्या खुणांचे फोटो तीनदा काढले. बोल्टांसाठी मामांची युक्ती झकास: कुंद्याच्या रिकाम्या खोक्यावर हेडचं चित्र काढायचं आणि जो बोल्ट जिथला, तो तिथंच भोक पाडून खोचायचा. हेडचे आठ बोल्ट मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच सोडवायचे, तेही कडेकडून मधे, थोडे थोडे. गरम हेड एका बाजूनं मोकळं केलं की वाकतं.

हेड उचललं आणि गुन्ह्याची जागा दिसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे पॅकिंगची पट्टी सगळ्यात अरुंद असते. तिथं मुंगीची वाट असावी तशी एक काळी जळकी रेघ होती. मला वाटलं, सापडलं! नवं पॅकिंग घालायचं की झालं. मामा हसले. "पॅकिंग का गेलं ते सांग की आधी."

माझ्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, हेड अॅल्युमिनियमचं. तापलं की अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट पसरतं. 300 मिलिमीटर लांबीचं हेड 20 अंशांवरून 90 अंशांना गेलं, तर ते सुमारे 0.48 मिलिमीटर लांबतं. तेवढाच ब्लॉक 0.23 मिलिमीटर. म्हणजे दरवेळी गाडी सुरू करून तापली की हेड ब्लॉकवर पाव मिलिमीटरनं सरकू बघतं, गार झालं की परत. मधलं पॅकिंग ही घसट वर्षानुवर्षं सोसतं. जुन्या पॅकिंगांत यासाठी अॅस्बेस्टॉस असायचं (म्हणून फार जुन्या गाडीचं पॅकिंग कोरडं खरवडू नये, त्याची धूळ फुप्फुसाला घातक). मग ग्राफाइट आलं. आता बहुतेक नव्या इंजिनांत स्टीलचे तीन-चार पातळ थर एकावर एक असतात, आणि भोकांभोवती उठवलेल्या नक्षीच्या कडा स्प्रिंगसारख्या दबून राहतात.

नेहमीची घसट सोसते, पण इंजिन बेफाम तापलं की गणित बदलतं. हेडला पसरायचं असतं, बोल्ट त्याला जागेवर दाबून धरतात, आणि गरम अॅल्युमिनियम मऊ झालेलं असतं. ते आतल्या आत कायमचं दबतं. गार झाल्यावर मूळ आकारात येत नाही, केळीच्या पानासारखं थोडं वाकतं. मामांनी मशीनवरची सरळपट्टी हेडवर उभी, आडवी, तिरकी धरली आणि खालून फीलर गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या, पातळ पट्ट्या सारून बघितल्या. 0.05 मिलिमीटरची सरकली. 0.10 पण सरकली. 0.15 अडली. माझ्या गाडीच्या पुस्तकात मर्यादा 0.05 मिलिमीटरची आहे. माणसाच्या केसाहूनही कमी. शाळेच्या पट्टीनं हे कधीच दिसलं नसतं.

हेड फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करून घ्यायला, उद्यमबागेत नेलं. ओतकाम आणि मशीनकामाच्या बाबतीत आपलं गाव नशीबवान. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लोखंडाशी बोलणारे हात इथंही राहिले. मशीनवाल्यानं हेडच्या तळाची जेमतेम साल काढली आणि अर्ध्या तासात आरशासारखं सपाट करून दिलं. ब्लॉकचा माथा मात्र घरीच साफ करायचा होता. मी ड्रिलला घासायची चकती लावली, तेव्हा मामांनी वायरच उपटली. त्या चकतीतले कठीण कण तेलात गेले की बेअरिंगा खातात. प्लास्टिकची खरवडणी, चिंधी आणि धीर, एवढंच वापरायचं.

पॅकिंग आणायला दुकानात गेलो आणि सवयीनं कन्नडमध्ये म्हणालो, "हेड पॅकिंग बेकु", म्हणजे पाहिजे. दुकानदारानं मराठीत विचारलं, "बोल्ट बी नवं घेणार काय?" घेतले. घरी आल्यावर पॅकिंग ब्लॉकवर ठेवून बघितलं आणि पोटात गोळा आला. ब्लॉकवर पाण्याचं भोक केवढं, पॅकिंगवर त्याच जागी चिमुकलं. दोन ठिकाणी तर भोकच नाही. चुकीचं आणलं? कातरीनं मोठं करू?

ते चुकीचं नव्हतं. पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला असतो. सगळी भोकं मोठी ठेवली तर पाणी पहिल्याच भोकातून वर हेडमध्ये पळेल आणि मागचं सिलिंडर तहानलेलं राहील. म्हणून पुढची भोकं बारीक ठेवतात, पाणी आधी ब्लॉकच्या मागच्या टोकापर्यंत जातं आणि तिथल्या मोठ्या वाटेनं हेडमध्ये चढतं. आमच्या माळावरच्या उसाला पाटाचं पाणी देताना पहिली सरी थोडी मातीनं दाबतात, तसंच. पॅकिंगवर "टॉप" अशी खूण असते ती याच्यासाठीच: उलटं बसवलं तर पाट चुकतो.

आता बोल्ट. दहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला 60 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला, तर ढोबळमानानं तो तीन टनांनी ओढला जातो. आठ बोल्ट म्हणजे चोवीस टन. दोन टनांच्या धक्क्यासाठी चोवीस टन? हो, कारण नुसतं हेड धरून चालत नाही. पॅकिंगची प्रत्येक कड इतकी दाबलेली हवी की धक्का बसून हेड किंचित उचललं तरी फट पडू नये. बोल्ट इथं खिळा नसतो, ताणलेला स्प्रिंग असतो.

गोम अशी की पान्याला दिलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, बाकीचा आट्यांत. आटे गंजलेले असले की टॉर्क रेंच (ठरलेल्या टॉर्कला टक वाजणारा पाना) वेळेवर टक करतो, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. म्हणून आटे साफ करून तेलाचा हलका हात. हलकाच. मी एका भोकात पिचकारीनं तेल सोडायला निघालो, तर मामा ओरडले, "काय करालास रे!" तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साठलं आणि वरून बोल्ट पिळला, तर द्रव दबत नाही, ब्लॉक फुटतो. हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या गावात राहून हे माझ्या डोक्यात आलं नाही, याचं मामांना जास्त वाईट वाटलं.

बोल्ट मधून सुरू करून कडेला, तीन फेऱ्यांत आवळले. भाकरी मधून कडेला थापत न्यावी तसं पॅकिंग पसरत जातं. कडेचे आधी आवळले तर मधे फुगवटा अडकतो.

राहिला मामांचा प्रश्न. इंजिन एवढं तापलंच कशानं? थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून आईच्या पातेल्यात पाण्यात टांगला, खाली गॅस, बाजूला थर्मामीटर. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगलं की झडप ढकलतं. माझी 82 अंशांना उघडायला हवी होती. 90 झाले, ढिम्म. 95 ला कुरकुरत सुतभर उघडली आणि तिथंच अडकली. आत पांढरा खर होता. तीन वर्षं मी कमी झालेल्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) जागी बोअरचं पाणी ओतत होतो. त्यातले क्षार झडपेवर बसले, रेडिएटरच्या नळ्यांतही बसले. पॅकिंग बिचारं शेवटी गेलं.

नवा थर्मोस्टॅट, धुतलेला रेडिएटर, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. हीटर चालू ठेवून हवा काढली, कूलंटच्या बाटलीवर पातळीशी मार्करनं रेघ मारली. पुढच्या रविवारी जांबोटीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना मामांनी वाकून रेघ बघितली.

"जिथल्या तिथं हाय की," ते म्हणाले. "आता आईला नवं पातेलं आणून दे. थर्मोस्टॅटला जुनं कूलंट लागलं असणार, ते विष असतंय."

आईनं ते दारातून ऐकलं होतं. संध्याकाळी मी बाजारात होतो.