पार्श्वभूमी : टाळेबंदीतली वीज, नेट आणि फोनवरचे डॉक्टर

२४ मार्च २०२० च्या टाळेबंदी आदेशात बंदीतून वगळलेल्या सेवांची यादी होती. वीज, पाणी, दूरसंचार, इंटरनेट, दवाखाने, सगळं त्यात होतं. पण ज्याची रोजीच थांबली त्याने बिल कशातून भरायचं, रिचार्ज कशाने मारायचा, याबद्दल आदेशात अक्षर नव्हतं. पुढच्या वर्षभरातली भांडणं तिथूनच निघाली.

हातातले कायदे जुने होते. राज्याने मार्चमध्ये लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा. लोकांना तपासायचे, अडवायचे अधिकार तो सरकारला देतो. घरात अडकलेल्या माणसाला काय पुरवायचं, हे सांगत नाही. वीज कायदा २००३ चा. त्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संकटकाळासाठी वेगळी सवलत त्या कलमात नाही.

फोनवरून उपचारांची तर डॉक्टरांनी धास्तीच घेतली होती. रत्नागिरीत सिझेरियननंतर दगावलेल्या एका महिलेच्या प्रकरणात, फोनवरून औषधं सांगितल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले आणि फोन, व्हिडिओ, चॅटवरून कुठली औषधं देता येतील, कुठली नाहीत, हे पहिल्यांदा स्पष्ट झालं. १३ एप्रिलला सरकारची ‘ई-संजीवनी ओपीडी’, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरचा सल्ला देणारी सेवा, मोफत सुरू झाली. फार मोलाचं काम झालं ते. पण त्यासाठी फोन चालू हवा आणि गावात रेंज हवी. मोबाइल कंपन्यांनी गरीब प्रीपेड ग्राहकांची मुदत आधी १७ एप्रिल, मग ३ मेपर्यंत वाढवली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले; तोवर फोनवरच्या डॉक्टरांचा आधारही गेला.

सगळ्यात जास्त पेटलं ते वीजबिल. मार्चच्या शेवटी मीटर रीडिंग थांबलं आणि विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाच्या परवानगीने सरासरी बिलं निघाली. सरासरी धरली हिवाळ्याची, वापर मात्र भर उन्हाळ्याचा. घरात माणसं दिवसभर, पंखे दिवसभर. त्यात १ एप्रिलपासून नवे दर. जूनमध्ये रीडिंग झालं आणि आधीच्या महिन्यांतला सगळा फरक एकाच बिलात आला. एकदम इतकी युनिट आल्याने वरचा स्लॅब (जास्त युनिटला जास्त दर) लागला, असा लोकांचा समज झाला. युनिट महिन्यांत विभागूनच स्लॅब लावलाय, असं महावितरण सांगत राहिली. हिशेब बरोबर असेलही, पण पगार निम्मा झालेल्या घराला तो आकडा एका दमात झेपणारा नव्हता. तीन हप्त्यांची मुभा मिळाली. राज्य सरकारने दिवाळीआधी बिलात दिलासा देण्याचं बोलून दाखवलं आणि नोव्हेंबरमध्ये हात वर केले. हे लोकांना सगळ्यात जास्त लागलं, आणि लागायलाच हवं होतं: त्या शब्दावर विसंबून अनेकांनी बिलं थांबवली होती.

जानेवारी २०२१ मध्ये थकबाकीदारांची वीज तोडण्याची मोहीम निघाली. २ मार्चला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विधानसभेत तिला स्थगिती दिली. १० मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ती स्थगिती उठली.