जोडसरकीतली अळी

"पयल्या तीन डोसांत गाठ अर्धी झाली, मंग आता कायले वाढून राहिली? औषधच बोगस असन." यवतमाळकडच्या आमच्या वावरात, धुऱ्यावर बसून काकाजींनी विचारलं. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे.

औषध बोगस नाही, काकाजी. गाठ अर्धी झाली ती त्यानंच. प्रश्न उरलेल्या अर्ध्या गाठीचा आहे.

तुम्हाला देतात ते सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेलं केमोचं औषध. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. ते पेशीतल्या डीएनएला गाठी मारतं. पेशी दुभंगायला निघाली की डीएनएची नक्कल तिथंच अडते आणि पेशी मरते. पण गाठीतल्या कोट्यवधी पेशी एकसारख्या नसतात. काही औषध आत कमी घेतात, काही बाहेर फेकतात. काहींकडे ईआरसीसी१ सारखी प्रथिनं भरपूर असतात. ती बिघडलेला तुकडा कापून डीएनए दुरुस्त करायला मदत करतात.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात त्या झोपून राहणाऱ्या पेशी. बहुतेक केमो वाढत्या पेशीला गाठते. जी वाढतच नाही, ती बरेचदा सुटते. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर पेशीतल्या एका ठरावीक बिघाडावर नेम धरणाऱ्या औषधाचा जबर मारा केला. सुमारे ०.३ टक्के पेशी वाचल्या, जवळपास निपचित. औषध थांबवल्यावर त्या वाढल्या, आणि त्यांची पिलावळ पुन्हा त्याच औषधाला बळी पडू लागली! म्हणजे तो कायमचा बदल नव्हता, नुसतं दडून बसणं होतं.

फरदडीचं, म्हणजे वेचणीनंतरही वावरात राखलेल्या कपाशीचं, बोंड फोडून पाहा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, आणि आत गुलाबी अळी मुडपून झोपलेली. फवारणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. फरक एवढाच, की दडून बसलेल्या पेशीत पुढे कायमचा बदलही होऊ शकतो, आणि मग तेच औषध खरंच निकामी ठरतं.

"मंग डोस डबल करा ना," काकाजी म्हणाले. नाही करता येत. सिस्प्लॅटिन किडनीला आणि कानांना इजा करतं. झोपलेल्या पेशीच्या आधी माणूसच थकेल. म्हणून डॉक्टर सुईनं गाठीचा पुन्हा तुकडा घेऊ म्हणतात. पेशीत कोणता बदल झालाय हे कळलं, तर कधीकधी त्यावर नेमकं दुसरं औषध निघतं.

काकाजींनी हातातली सरकी नखानं फोडली, आतली अळी पायाखाली चिरडली.

"तुकडा कवा घेतेत?"

"सोमवारी."

"मंग सकाळच्याच गाडीनं निघू."