माशीची ओळख तिच्या पंखावर

मोठ्या माशीच्या शेजारी तिच्यासारखीच पण लहान माशी बसलेली दिसली की ते मोठीचे पिल्लू असावे, असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. माशीची सारी वाढ अळीच्या अवस्थेत होते आणि कोषातून पंख घेऊन बाहेर पडलेली माशी त्यानंतर मोठी होत नाही. म्हणून लहान माशी एक तर अळी असताना उपाशी राहिलेली घरमाशी असते, नाहीतर निराळ्याच प्रजातीची असते. यांतले खरे कोणते, हे चांगल्या छायाचित्रावरून ठरवता येते; मात्र त्यासाठी आकार बाजूला ठेवून पंख पाहावा लागतो.

माशीचा पातळ, पारदर्शक पंख शिरांच्या आधाराने ताठ राहतो. या शिरांची मांडणी आनुवंशिक असते आणि कोषात असतानाच पक्की होते. अन्न कमी पडले तर पंख लहान होतो, पण शिरांचा नकाशा सहसा तोच राहतो. घरमाशीच्या, म्हणजे मस्का डोमेस्टिकाच्या पंखात मधून जाणारी एक लांब शीर टोकाजवळ एकाएकी कोन करून पुढच्या कडेकडे वळते आणि वरच्या शिरेला जवळजवळ जाऊन भिडते. फॅनिया कॅनिक्युलॅरिस या लहान माशीत हीच शीर कोठेही न मोडता पंखाच्या कडेपर्यंत जाते. चावून रक्त पिणाऱ्या स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्समध्ये ती हलक्या कमानीसारखी वाकते, शिवाय तिची टणक सोंड डोक्याच्या पुढे आलेली दिसते. एकाच शिरेच्या तीन वळणांनी तीन माशा वेगळ्या व्हाव्यात, याचे मला आजही नवल वाटते.

चकाकणाऱ्या हिरव्या माशांना ही खूण पुरत नाही, कारण ल्युसिलिया आणि क्रायसोमिया या दोघींचीही शीर कोनातच वळते. त्यांचा हिरवा रंग त्वचेच्या सूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून उमटत असल्यामुळे कोन बदलला की तो निळसर किंवा तांबूस दिसतो; त्यावरही विसंबता येत नाही. फरक आहे तो पंखाच्या मुळाशी असलेल्या जाड शिरेवर: क्रायसोमियात तिच्यावर बारीक केसांची ओळ असते, ल्युसिलियात ती उघडी असते.

अशा खुणा दिसण्यासाठी एक छायाचित्र कमी पडते. वरून घेतलेल्या चित्रात पंखामागे फिकट पृष्ठभाग असावा, म्हणजे शिरा उठून दिसतात. समोरून घेतलेल्या चित्रात दोन डोळ्यांमधले अंतर दिसते आणि त्यावरून बहुधा नर-मादी कळते.

माशीचे नाव सांगणारी मोबाइल अ‍ॅप्स उपयोगी आहेत, परंतु त्यांनी दाखवलेली टक्केवारी ही शिकलेल्या चित्रांशी असलेल्या साम्याची असते. ओळखीची खूण चित्रात आहे की नाही, हे ती सांगत नाही. सार्कोफॅगा या करड्या, पट्टेदार माशांच्या बहुतेक प्रजाती नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच वेगळ्या करता येतात. त्यांच्या नेहमीच्या छायाचित्राखाली ‘सार्कोफॅगा, प्रजाती अनिश्चित’ एवढेच लिहिणे योग्य असते.