सरोगसीसाठी अर्ज: कोण पात्र, कोणते कागद, आधी काय आणि मग काय

सरोगसीची, म्हणजे आपलं मूल दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवून घेण्याची, चौकशी करणारी बहुतेक जोडपी पहिल्यांदा खर्चच विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते म्हणजे आपण कायद्यात बसतो का. २५ जानेवारी २०२२ पासून देशभर सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ लागू आहे आणि पैसे मोजून सरोगसी करणं बंद झालं आहे. आता फक्त परोपकारी सरोगसी चालते. सरोगेट मातेचा औषधोपचार, तिचा विमा आणि नियमांत बसणारा इतर खर्च जोडप्याने करायचा. त्यापलीकडे तिला मोबदला, बक्षीस, "आभाराची भेट" असं काहीही देता येत नाही. "बाई आम्ही बघून देतो, पॅकेजमध्येच आहे" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठावं. अशी सोय करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देणारं जोडपंही सुटत नाही, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत मजल जाते.

एवढ्या अटी असूनही लोक हा मार्ग का धरतात? गर्भाशय नसलेल्या किंवा कर्करोगामुळे काढावं लागलेल्या स्त्रीला स्वतःच्या स्त्रीबीजातून मूल होण्याचा आपल्याकडे जवळपास हाच रस्ता उरतो. क्षयरोगाने गर्भाशयाच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या असतील, पुन्हा पुन्हा आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करूनही भ्रूण रुजत नसेल, कारण न सापडता गर्भपात होत असतील, किंवा गरोदरपण आईच्या जिवावर बेतेल असा आजार असेल, तरीही नियमांनुसार सरोगसी मागता येते. दुसरा फायदा कायद्याचा आहे. जन्मलेलं मूल त्या जोडप्याचं जैविक मूलच मानलं जातं, दत्तकविधान लागत नाही, वारसाहक्कासह सगळे हक्क त्याला मिळतात.

पात्रता

जोडपं कायदेशीररीत्या विवाहित आणि भारतीय असावं. पात्रतेचा दाखला मिळण्याच्या दिवशी पत्नीचं वय २३ ते ५० आणि पतीचं २६ ते ५५ असायला हवं. हयात मूल नसावं, मग ते पोटचं असो, दत्तक असो वा आधीच्या सरोगसीतून झालेलं. याला एकच सवलत आहे. मूल मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग असेल, अथवा त्याला कायमचा इलाज नसलेला जीवघेणा आजार असेल, तर जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर परवानगी मिळू शकते.

विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही अर्ज करता येतो, पण ३५ ते ४५ या वयातच, आणि स्त्रीबीज तिचं स्वतःचं असावं लागतं. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लिव्ह-इनमधली आणि समलिंगी जोडपी यांना या कायद्यात जागा नाही. हे मला पटत नाही, पण अर्जाची खिडकी आज एवढीच उघडी आहे. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या जोडप्याला आधी राष्ट्रीय सरोगसी मंडळाचं शिफारसपत्र लागतं. पुण्यात माहेर आणि न्यू जर्सीत घर असलेल्यांनी विमानाचं तिकीट त्यानंतर काढावं.

वयाबाबत ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासा दिला आहे. कायदा लागू होण्याआधीच ज्या जोडप्यांनी सरोगसीसाठी भ्रूण तयार करून गोठवून ठेवले होते, त्यांना ही वयोमर्यादा लागू होत नाही. गोठवल्याची तारीख दाखवणारा दवाखान्याचा कागद अशांनी जपून ठेवावा.

कागदांचा क्रम

सुरुवात जिल्हा वैद्यकीय मंडळापासून होते. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचा अधिकारी अध्यक्ष आणि सोबत स्त्रीरोग व बालरोगतज्ज्ञ, असं हे मंडळ असतं. सरोगसी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे, असं प्रमाणपत्र ते देतं. त्यांच्यासमोर फाइल तारीखवार लावलेली असावी. डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफी, शस्त्रक्रियेनंतरचा बायोप्सी अहवाल, आयव्हीएफच्या प्रत्येक प्रयत्नाचा सारांश हे सगळं त्यात हवं. दात्याचं स्त्रीबीज किंवा शुक्राणू लागणार असतील तर तेही इथेच मांडा. २०२३ मध्ये जोडप्यांसाठी दात्यावर पूर्ण बंदी आली होती. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर मंडळाने वैद्यकीय कारण मान्य केलं तर दोहोंपैकी एक दात्याचं चालतं, दुसरं जोडप्याचंच हवं.

ओळखीच्या कागदांत आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दवाखान्याच्या फाइलवर नुसतं "सौ. जाधव". विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढलेलंच नसतं, लग्नपत्रिकेवर काम भागेल असं वाटतं. ते भागत नाही. नोंदणी आधी करून घ्या, नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडा, आणि सगळ्या अर्जांवर एकच नाव ठेवा. विधवेने पतीचा मृत्यूदाखला आणि घटस्फोटितेने न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी.

मग येते सरोगेट माता, आणि खरी दमछाक इथेच होते. ती विवाहित (विधवा, घटस्फोटितही चालते), स्वतःचं मूल असलेली आणि तिच्या गर्भाशयात भ्रूण सोडण्याच्या दिवशी २५ ते ३५ वर्षांची असावी. आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते. तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीची प्रमाणपत्रं लागतात. वयाची ही अट नीट वाचा. जोडप्याचं वय दाखल्याच्या दिवशी मोजतात, तिचं भ्रूण सोडण्याच्या दिवशी. चौतिशी ओलांडलेल्या चुलत बहिणीचे कागद कोर्टात अडकले तर तेवढ्यात तिची मुदत संपू शकते.

मोबदला नसल्यामुळे शोध बहुधा घरातच सुरू होतो. जाऊ, नणंद, मावसबहीण अशी नावं निघतात. धाकट्या जावेला सगळ्यांसमोर विचारलं की ती नाही कशी म्हणणार? तिला एकटीला विचारावं, तिच्या भाषेत धोके समजावून सांगावेत, मगच लेखी संमती घ्यावी. भ्रूण सोडेपर्यंत ती संमती मागे घेऊ शकते. गर्भपाताची वेळ आलीच तर तो तिच्या लेखी संमतीशिवाय होत नाही, आणि सक्षम प्राधिकाऱ्याची (या कायद्याखाली परवानग्या देणाऱ्या सरकारी यंत्रणेची) परवानगीही लागते.

माता ठरली की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जोडपं आणि सरोगेट माता यांनी मिळून अर्ज करायचा. पालकत्व आणि ताब्याबाबतचा हा आदेश पुढे जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो. जन्मदाखल्यावर तुमची नावं येण्याचा आधार हाच, त्यामुळे नावांचं स्पेलिंग वकिलाकडून दोनदा तपासून घ्या. सोबत सरोगेट मातेच्या नावाने ३६ महिन्यांचा आरोग्य विमा हवा, प्रसूतीनंतरची गुंतागुंतही त्यात यायला हवी. विमा कंपनी आयआरडीएआयची (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाची) मान्यता असलेली असावी. खर्चाची हमी देणारं प्रतिज्ञापत्रही लागतं.

मंडळाचं प्रमाणपत्र, कोर्टाचा आदेश आणि विमा ही तिन्ही हातात आली की सक्षम प्राधिकारी आवश्यकता प्रमाणपत्र देतो. शिवाय जोडप्याचं आणि सरोगेट मातेचं पात्रता प्रमाणपत्र वेगवेगळं घ्यावं लागतं. हे सगळं झाल्याशिवाय नोंदणीकृत सरोगसी दवाखाना भ्रूण सोडू शकत नाही. एका वेळी साधारणपणे एकच भ्रूण सोडतात, आणि एका सरोगेट मातेवर तीनपेक्षा जास्त प्रयत्न करता येत नाहीत.

नोकरदारांसाठी रजेचंही पाहून ठेवा. जून २०२४ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, सरोगसीतही १८० दिवसांची मातृत्व रजा मिळते, सरोगेट मातेला आणि मूल घेणाऱ्या आईलाही. वडिलांना १५ दिवस. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्येच अशा आईचा रजेचा हक्क मान्य केला होता. कार्यालयाने खळखळ केली तर अर्जात त्याचा दाखला द्या.

अर्ज नामंजूर झाला तर नकार तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी आदेश मागा आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करा.